सहा, पाच, चार, तीन, दोन, एक

गेल्या अंकात मोतीबिंदूच्या ऑपरेशनवर लिहिताना शेवटी एक ओळ सहज टाकली होती : 'नंतरचे थेंब चुकवू नका.' मूळ लेख राहिला बाजूला, पत्रं आली ती त्या ओळीवर. बहुतेकांत एकच शब्द अधोरेखित, दोघांनी तर लाल शाईनं : स्टेरॉइड. म्हणून या वेळचं सदर तेवढ्यावरच. नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : आईच्या (वय ७१) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन ११ दिवस झाले. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. थेंबांत स्टेरॉइड आहे असं मेडिकलवाल्यानं सांगितलं आणि घरात घबराट उडाली. कोविडच्या वेळी शेजारच्या काकांना स्टेरॉइडनंतर काळी बुरशी झाली, त्यांचा डोळा काढावा लागला, हे आईनं पाहिलंय. नवव्या दिवसापासून तिनं आपणहून थेंब बंद केले. डोळा पांढराशुभ्र आहे, दुखत नाही, टीव्हीवर खालून सरकणारी पट्टी ती चष्म्याशिवाय वाचते. आता बंदच ठेवले तर चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : नाही चालणार. उत्तर एवढंच आहे, पण ते आईंना पटवायचं काम तुमच्या गळ्यात आहे, म्हणून पुढचं लिहिते.

आधी काळी बुरशी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिचे पेशंट मीही पाहिलेत, तेव्हा आईंच्या भीतीला हसू नका. पण तिथे काय होत होतं ते बघा. फुप्फुसं वाचवायला स्टेरॉइड शिरेतून नाहीतर पोटातून दिलं जात होतं, कित्येकांना गरजेपेक्षा जास्त दिवस. साखर चारशेच्या घरात. बुरशी नाकातून शिरायची आणि सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत पोचायची. कोविडसाठी ठरलेला डोस होता रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे प्रेडनिसोलोनच्या हिशेबात साधारण ४० मिलिग्रॅम. आईंच्या बाटलीत १ टक्का प्रेडनिसोलोन असेल तर एका थेंबात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. दिवसाचे सहा थेंब धरले तरी ३ मिलिग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं गालावर ओघळतं. एवढ्यानं साखर सहसा हलत नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर आठवड्यातून दोनदा मोजून वहीत लिहा. माझ्या चार पानांपेक्षा तो आकडा आईंना लवकर पटेल.

शिवाय स्टेरॉइड हे एका औषधाचं नाव नव्हे, घराण्याचं आहे. जिममधली पोरं टोचून घेतात ती वेगळी शाखा. आपली शाखा म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ग्रंथी रोज पहाटे जे कॉर्टिसॉल सोडतात, त्याची चुलत भावंडं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवातानं जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं, आणि त्या काही दिवसांत चालू लागल्या. १९५० मध्ये या कामाला नोबेलही मिळालं. बदनामी नंतरची आहे आणि ती सगळीच खोटी नाही, पुढच्या पत्रांत ते येईलच.

आता तुमचा पांढराशुभ्र डोळा. पांढरा डोळा म्हणजे आतून शांत झालेला डोळा नव्हे. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा घरात येतो आणि त्यात धूळ तरंगताना दिसते, आठवतं? स्लिट लॅम्पचा (हनुवटी टेकवून डोळा तपासतो त्या दुर्बिणीचा) बारीक प्रकाश डोळ्यातल्या पाण्यावर तिरका टाकला की नेमकं तसं दिसतं. निरोगी डोळ्यात तो कवडसा काळा आणि रिकामा असतो. ऑपरेशननंतर त्यात पांढऱ्या पेशींचे कण वर-खाली तरंगतात आणि पाण्यात प्रथिनं उतरल्यामुळे कवडसाच धुरकट होतो. एक मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर उंच एवढ्या प्रकाशात आम्ही ते कण अक्षरशः मोजतो. सहा ते पंधरा दिसले तर केसपेपरवर '१+', सोळा ते पंचवीस तर '२+'. आईंना आरशात यातलं काहीच दिसणार नाही. आम्ही 'सूज' म्हणतो आणि लोक पापणी बघतात, ही चूक खरं तर आमच्याच शब्दाची. दाह म्हटलं पाहिजे.

तो होतो कशानं? जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरच्या चिरेतून आत जाऊन, ध्वनिलहरींनी भिंग फोडून, ओढून काढलेलं असतं. ते भल्यासाठी केलं हे शरीराला कोण सांगणार? दुखावलेल्या पेशींच्या आवरणातून एक आम्ल सुटतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिनसारखी दाह पेटवणारी रसायनं तयार होतात. तुमच्या आईंना बहुधा आणखी एक बाटली दिली असेल, नेपाफेनॅक किंवा केटोरोलॅक असं काहीतरी. ती एक चारी बंद करते. स्टेरॉइड कालव्याचं मुख्य दारच खाली सोडतं. मधुमेह असलेल्यांना दोन्ही द्यायचं कारण हे की याच रसायनांमुळे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचू शकतं. अर्विन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ मध्ये ते नोंदवलं. हे पाणी पहिल्या आठवड्यात येत नाही. येतं चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, सगळं छान झालं म्हणून पेढे वाटून झाल्यावर.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण समजलं ते आमच्या स्वयंपाकघरात. माझ्या आईचं ऑपरेशन माझ्या एका सहकाऱ्यानं केलं, उत्तम केलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं थेंब सोडले. का, तर 'आता झालं की बरं.' मी रोज सकाळी त्याच घरातून दवाखान्यात जात होते आणि पन्नास पेशंटना थेंबांबद्दल विचारत होते. आईला पंधरा दिवसांत एकदाही विचारलं नाही. पाचव्या आठवड्यात ती म्हणाली, ज्ञानेश्वरीची अक्षरं मध्येच ओली झाल्यासारखी दिसतात, आणि देवघराच्या दाराची चौकट पोटात वाकलीय. ओसीटी केलं, म्हणजे मागच्या पडद्याचा उभा छेद दाखवणारा फोटो. जिथे खळगा हवा तिथे टेंगूळ, आणि टेंगळात घावनाला जाळी पडते तशा काळ्या पोकळ्या. दोन्ही थेंब पुन्हा चालू करून पाणी ओसरायला अडीच महिने लागले. नजर आली परत. पण ते अडीच महिने ती पोथी मांडीवर घेऊन नुसती बसायची, आणि मला काही बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा आजच ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा आणि उद्या डोळा दाखवा. पूर्वीचा क्रम आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नका. कुठून धरायचं ते आतला कवडसा बघून ठरेल. आणि 'नवव्या दिवसापासून घातले नाहीत' हे खरं सांगा. तसंही ते लपत नाही. पाच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर थेंब असतात. रोज सहा म्हणजे अकराव्या दिवशी ती निम्म्याच्या खाली हवी. मी बाटली हातात घेऊन कानाशी हलवते. भरल्या बाटलीचा आवाज वेगळा येतो.

प्रश्न : मला सहा आठवड्यांचा क्रम दिला आहे : पहिला आठवडा रोज ६ वेळा, मग ५, ४, ३, २, १. माझ्या मित्राला मात्र चारच आठवडे. बिल वाढवायचा प्रकार आहे का? आणि एकदम बंद केलं तर काय बिघडतं? (चिपळूण)

उत्तर : अख्खा क्रम एका नाहीतर दोन बाटल्यांत उरकतो, त्यात कुणाचा बंगला होत नाही. चार आठवडे की सहा, हे डोळा किती चिडलाय यावर आणि थोडंफार सर्जनच्या सवयीवर ठरतं. भिंग दगडासारखं कडक झालेलं असेल, आत जास्त वेळ काम करावं लागलं असेल, मधुमेह असेल, तर क्रम लांबतो. एकदम सोडलं तर दबलेला दाह उसळून येतो आणि पहिल्यापेक्षा चिवट असतो, म्हणून पायऱ्या उतरायच्या. लक्षात राहत नाही ही तक्रार रास्त आहे. पाटण तालुक्यातल्या माझ्या पेशंट असलेल्या एक आजी भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबाखाली रोज तेवढ्या रेघा ओढत. तपासणीला येताना कॅलेंडरच गुंडाळून आणलं होतं. एक रेघ कमी होती, त्या दिवशी म्हैस व्यायली होती.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६६. ऑपरेशननंतर उत्तम दिसत होते. पाचव्या आठवड्यात तपासणीस गेलो असता डोळ्याचे प्रेशर २९ निघाले. माझा रक्तदाब कायम १२०-८० असतो. डॉक्टरांनी थेंब बदलले व आणखी एक बाटली वाढवली. ऑपरेशन बिघडले की काय? मला काचबिंदू झाला का? (वडिलांना शेवटी शेवटी दिसत नसे, पण तेव्हा कोण तपासत होते!) (बार्शी)

उत्तर : गुरुजी, ऑपरेशन बिघडलेलं नाही. आणि रक्तदाबाचा इथे संबंध नाही, हे प्रेशर निराळं. डोळ्यात सतत थोडं पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते निघून जातं. आवक-जावक सारखी असेल तर प्रेशर १० ते २१ मध्ये राहतं. काही माणसांच्या डोळ्यात स्टेरॉइडमुळे ही जाळी हळूहळू तुंबते, मोरीच्या जाळीवर साबणाचा थर बसावा तशी. साधारण तीनात एकाचं प्रेशर थोडंफार वाढतं, शंभरात पाचेक जणांचं चांगलंच वाढतं. सहसा दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून तुमचं पहिल्या तपासणीत ठीक होतं आणि पाचव्या आठवड्यात चढलं. डॉक्टरांनी बहुधा कमी प्रेशर वाढवणारं स्टेरॉइड दिलंय, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन, आणि जोडीला प्रेशर उतरवणारे थेंब. त्या दुसऱ्या बाटलीवर टिमोलॉल लिहिलेलं असेल आणि तुम्हाला दमा असेल, तर आजच त्यांना कळवा. नसेल तर निवांत राहा. थेंब संपले की बहुतेकांचं प्रेशर काही आठवड्यांत जागेवर येतं.

पण तुम्ही कंसात टाकलेलं वाक्य मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. वडिलांना दिसत नसे, ते कदाचित काचबिंदूनं (यात बहुधा चढलेल्या प्रेशरमुळे डोळ्यामागची नस वाळत जाते) असेल, कदाचित साध्या मोतीबिंदूनं. पण ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असतो त्यांचे डोळे स्टेरॉइडला असा प्रतिसाद देण्याची शक्यता जास्त. हे ऑपरेशनआधी सांगायचं असतं. आम्ही विचारायचं असतं, हेही खरं. आता फायलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : 'स्टेरॉइडनं डोळ्याचं प्रेशर वाढतं.' उद्या गुडघ्यात इंजेक्शन घ्यायची वेळ आली, दम्याचा पंप लागला, तरी ते पान समोर धरा. मुलांनाही एकदा प्रेशर तपासून घ्यायला सांगा.

वाढलेलं प्रेशर असं हळूहळू चढलं की दुखत नाही, दिसायलाही छान दिसतं. म्हणूनच पाचव्या-सहाव्या आठवड्याची तपासणी लोक टाळतात, 'दिसतंय की चांगलं, एसटीला पैसे कशाला घालवायचे?' तुम्ही बार्शीहून गेलात.

प्रश्न : आमच्या मालकांना ऊस तोडताना डोळ्याला पात लागलं. डोळा लाल झाला, पाणी येत होतं. सासूबाईंच्या ऑपरेशनची बाटली फ्रिजमध्ये होती, तेच थेंब घातले. दोन दिवस लई बरं वाटलं. आता परत दुखतंय आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय. थेंब वाढवू का? (वाळवा तालुका)

उत्तर : ताई, हे पत्र छापून यायची वाट बघण्यासारखं नव्हतं. संपादकांकडून नंबर घेऊन मी त्याच दिवशी तुम्हाला फोन केला, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी इथे लिहिते. ठिपक्याचा खरवडा काढून काचपट्टीवर पाहिला तर बुरशीचे तंतू होते. आता जागेपणी दर तासाला नाटामायसिन हे बुरशीवरचं औषध घालणं चालू आहे. डोळा वाचेल असं वाटतं. डाग राहील.

'दोन दिवस लई बरं वाटलं,' फसगत झाली ती इथेच. उसाचं पात, भाताचं टोक, जनावराच्या शेपटीचा फटका यांनी बुबुळाला ओरखडा पडतो आणि मातीतली बुरशी त्यात जाऊन बसते. तिला हुसकायला पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्या धावपळीनं डोळा लाल होतो, दुखतो. स्टेरॉइड त्यांना थोपवतं. राखणीची कुत्री बांधून ठेवली की घरच्यांना शांत झोप लागते, चोरालाही काम सोपं जातं. बुबुळावर नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूची फांद्याफांद्यांची जखम होते, तिच्यातही हेच घडतं.

मग सासूबाईंना तेच औषध चाललं कसं? कारण त्यांचा डोळा चिरण्याआधी पोव्हिडोन आयोडिननं धुतला होता, हत्यारं निर्जंतुक होती, सोबत अँटिबायोटिक होतं, आणि डॉक्टर ठरल्या दिवशी आत डोकावून बघत होते. तरीही हजारांत एखाद्या डोळ्यात जंतू शिरतातच. म्हणून ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला सांगते : पहिल्या दोन आठवड्यांत दुखणं वाढलं, लाली वाढली, काल दिसत होतं ते आज धूसर झालं, तर थेंबांचा आकडा आपण वाढवायचा नाही. रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी निघायचं.

आणि ती बाटली. उघडल्यावर महिनाभरानं कुठलीही डोळ्याची बाटली टाकूनच द्यायची, फ्रिजमध्ये असली तरी. पण खरी अडचण अशी की स्टेरॉइडचे थेंब घरोघरी 'लाल डोळ्याचं औषध' म्हणून नांदतात. चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत, मिळतात. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या पोरांना तर सर्रास. तीन उन्हाळे असे थेंब घातलेला बारा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. मागची नस पांढरीफटक. खाज पूर्ण थांबली होती, वडील त्यावर खूश होते. पहिली बाटली कुठल्या डॉक्टरांनी दिली होती म्हणून विचारलं तर म्हणाले, एकदाच, चार वर्षांपूर्वी, आठ दिवसांसाठी.

प्रश्न : थेंब घातले की घशात कडू लागतं. एकादशीला उपास मोडतो का? आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. औषध खराब झालंय का? (पैठण)

उत्तर : डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक मोरी असते. ती नाकात उघडते, नाकातून घसा. थेंब घातल्यावर डोळा मिटून तो कोपरा बोटानं मिनिट-दोन मिनिटं हलकेच दाबून धरा. औषध डोळ्यातच राहतं आणि कडू लागत नाही. उपासाचं शास्त्र मला विचारू नका. आमची आजी औषधाला उपास नाही म्हणायची आणि मी तेवढ्यावर थांबले.

साका खराबीचा नाही. प्रेडनिसोलोन ॲसिटेट पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं, म्हणून दर वेळी बाटली चांगली हलवायची. न हलवता घातलं तर आधी नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या आठवड्यात, जेव्हा एकच थेंब हवा, तेव्हा घट्ट औषध पडतं. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात मुळात एका थेंबाचीही जागा नसते, दुसरा उशीवर जातो. दोन बाटल्या असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि बाटलीचं टोक पापणीला लावू नका, थेंब अधांतरी पडू दे.

ता.क. अंक छपाईला जाताना डोंबिवलीहून फोन आला. कवडशात कण निघाले, '२+'. थेंब पुन्हा सुरू झाले आहेत, दर दोन तासांनी. बंद कुणी केले असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईंनी मुलाकडे बोट दाखवलं म्हणे.